गोळी टाकण्याआधी दाणा चावून पाहा

जुलैतली रात्र होती. पावसाची झड लागलेली. साडेअकराच्या सुमारास आमच्या अपघात विभागात एक कुटुंब आले. आई, आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. तिघांनाही उलट्या, डोकेदुखी आणि छातीत दाटल्यासारखे होत होते. ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने केसपेपरवर लिहिले, ‘अन्नातून विषबाधा’. त्याला दोष देता येणार नाही. पावसाळ्यात असे रुग्ण सतत येतात आणि त्यांतले बहुतेक शिळ्या अन्नाचे किंवा दूषित पाण्याचेच असतात.

पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. जेवण सगळ्यांनी एकच केले होते, पिठले आणि भाकरी. तरी ओसरीवर झोपलेले आजोबा ठणठणीत होते. आणि जुलाब एकालाही नव्हते. धाकटीचे हातपाय गार पडले होते, नाडी बोटाला नीट लागत नव्हती. मी सोबत आलेल्या आजींना विचारले, “आजी, घरात आज काही फवारलं का? ढेकणाचं, उंदराचं औषध?”

“नाही साहेब.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “गव्हाला पोरकिडे लागले म्हणून दुपारी कोठीत गोळ्या टाकल्या. फडक्यात बांधून. पण ते धान्याचं औषध, त्याचं काय?”

कोठी माजघरात होती. आई आणि मुले तिच्या शेजारीच अंथरूण घालून झोपली होती. ओसरीवरच्या आजोबांना काही का झाले नाही, ते मग कळले.

आई आणि मुलगा वाचले. धाकटी पहाटे गेली. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तीन आठवड्यांनी मुलीचे वडील कागदपत्रांसाठी आले. सही घेऊन झाल्यावर दारातच थांबले. “साहेब, एक विचारू? पोरगी गेली. आणि काल कोठी उघडली तर किडे तसेच फिरतायत. मग त्या गोळीनं मारलं काय?”

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. माणसाच्या शरीरात हे विष काय करते ते मला ठाऊक होते. गव्हाच्या कोठीत काय करते, हे मी कधी वाचले नव्हते. नंतर वाचले, कृषी क्षेत्रातल्या मित्रांना विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर एका साध्या शब्दात निघाले : ओल. तो गहू अवकाळी पावसात भिजलेला होता आणि पुरता न वाळवताच कोठीत गेला होता.

दाण्यातले पाणी

दाणा हाताला कोरडा लागला म्हणजे आत पाणी नाही असे नव्हे. १२ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल गहू घरात आला, तर त्याच्यासोबत १२ किलो पाणीही आलेले असते. हे पाणी दाण्याच्या पोटात असते, डोळ्याला दिसत नाही. शिवाय दाणा हवेशी सतत देवाणघेवाण करतो. उन्हाळ्यात पाणी सोडतो, पावसाळ्यात शोषतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर गव्हातला ओलावा साधारण ११ टक्क्यांवर स्थिरावतो. हवा ७५ टक्क्यांवर गेली की तो १५ टक्क्यांकडे सरकतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता याहूनही वर असते. म्हणजे मे महिन्यात कोरडा भरलेला गहूसुद्धा उघड्या पोत्यात ठेवला तर श्रावणापर्यंत ओलावतो.

किड्याला हेच हवे असते. ज्याला आपण सोंडा किंवा पोरकिडा म्हणतो, त्याची मादी सोंडेने दाण्याला छिद्र पाडते, आत एक अंडे घालते आणि वरून चिकट द्रवाने छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, कोष तिथेच होतो, आणि पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. तोवर दाणा वरून धड दिसतो. ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास आणि तापमान ३० अंशांच्या जवळ असले की साधारण महिनाभरात नवी पिढी तयार. उलट दाण्यातला ओलावा ९-१० टक्क्यांच्या खाली गेला तर सोंड्याची पैदास जवळपास थांबते. किड्याला वेगळे पाणी प्यायला मिळत नाही. दाण्यात असेल तेवढेच त्याचे पाणी.

यात एक दुष्टचक्रही आहे. किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि वाफ तयार होते. त्याने धान्य आणखी गरम आणि आणखी ओले होते. कोठीत हात घातल्यावर एखाद्या जागी धान्य कोमट लागते, ते यामुळेच.

औषध ओलीपुढे का हरते

आता औषधाकडे येऊ. धान्याच्या किडीसाठी वापरली जाणारी औषधे ढोबळमानाने दोन प्रकारची. एक, पृष्ठभागावर राहून किडा संपर्कात आला की मारणारी, जसे मॅलॅथिऑन. दुसरी, वायू होऊन धान्याच्या ढिगात शिरणारी, जसे गोळीतून निघणारा फॉस्फीन.

मॅलॅथिऑन हे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषध पाण्याच्या संपर्कात तुटते. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात, जिथे ते थेट साठ्याच्या गव्हात मिसळत असत, तिथल्या शास्त्रज्ञांनी याचे गणित बसवले. ३० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेशी जुळणारा ओलावा दाण्यात असेल, तर मॅलॅथिऑन निम्म्यावर यायला सुमारे १२ आठवडे लागतात. औषध तुटण्याचा वेग आर्द्रतेच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे आर्द्रता ७५ टक्क्यांशी जुळणारी असली की तेच औषध सुमारे ८ आठवड्यांत निम्म्यावर येते. तापमान वाढले तर वेग आणखी वाढतो. म्हणजे ज्या ओलसर धान्यात किड्यांची पैदास सर्वांत जोरात, तिथेच औषध सर्वांत लवकर संपते. सगळीच औषधे इतकी नाजूक नसतात. डेल्टामेथ्रिनसारखी औषधे दाण्यावर जास्त काळ टिकतात. पण एक लक्षात ठेवावे : आपल्या सरकारी गोदामांत मॅलॅथिऑन किंवा डेल्टामेथ्रिन भिंतींवर, जमिनीवर आणि पोत्यांच्या थप्पीवर बाहेरून फवारतात. घरच्या खाण्याच्या धान्यात अशी औषधे मिसळायची नसतात.

आता गोळी. तिच्यात अॅल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतली आणि धान्यातली ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि मागे करड्या-पांढऱ्या रंगाची भुकटी उरते. म्हणजे गोळीला जागे करणारी गोष्टच मुळी ओल आहे. मग ओल्या धान्यात ती अधिक चांगली चालायला नको का? तसे होत नाही, आणि त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

फॉस्फीनने किडा मारायचा तर वायू नुसता जास्त असून भागत नाही, तो पुरेसे दिवस टिकावा लागतो. चालता-फिरता किडा त्या मानाने लवकर मरतो. पण दाण्याच्या आतली अंडी आणि कोष या वायूला बरेच दाद देत नाहीत. त्यांचे वय पुढे सरकून ते नाजूक अवस्थेत येईपर्यंत वायू आत कोंडून ठेवावा लागतो. म्हणून गोदामात पोत्यांच्या थप्पीवर वायू न झिरपणारे आवरण घालतात, त्याच्या कडा जमिनीशी बंद करतात आणि पाच ते सात दिवस ते उघडत नाहीत. आत माणूस झोपत नाही, बाहेर धोक्याचा फलक असतो.

घरच्या कोठीत यातले काय असते? झाकण सैल, खालचे धान्य काढायचे तोंड सैल. धान्य ओले, हवा पावसाळी आणि उबदार, त्यामुळे गोळी भराभर वायू सोडते. त्यातला काही वायू ओले धान्यच शोषून घेते, कोरड्या धान्यापेक्षा जास्त. उरलेला फटींमधून घरात येतो. एक-दोन दिवसांत कोठीतला वायू विरतो. वरचे किडे मेलेले असतात, दाण्यातले जिवंत असतात. ओल तशीच असल्याने पंधरा-वीस दिवसांत नवी पिढी बाहेर पडते आणि कोठी पूर्वीसारखी होते. मग घरातली माणसे म्हणतात, ‘गोळ्या कमी पडल्या’, आणि पुढच्या वेळी जास्त टाकतात.

ओल्या धान्यात विष किड्यासाठी लवकर संपते आणि माणसासाठी लवकर सुटते. त्या माजघरात त्या रात्री हेच झाले.

अर्धवट मात्रेचा आणखी एक परिणाम आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. प्रतिजैविकाचा कोर्स मध्येच सोडला तर चिवट जंतू उरतात, तसेच इथेही. अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये जगभरातल्या साठ्यांतील किडींची पाहणी केली, तेव्हाच फॉस्फीनला दाद न देणारे किडे सापडले होते. भारतातही असे किडे आढळले आहेत. गळक्या कोठीत टाकलेली प्रत्येक गोळी त्यांची संख्या वाढवायला हातभार लावते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. धान्य आणि हवा फार कोरडी असेल, तर गोळी पूर्ण फुटायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात. वरून भुकटी दिसते, पण तिच्यात न फुटलेला अंश शिल्लक असू शकतो. अशी भुकटी घरात पाखडली, ओल्या फडक्याने पुसली किंवा तिच्यावर पाणी ओतले, की उरलेला वायू एकदम सुटतो. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत टेक्सासमधल्या अमॅरिलो शहरात एका घराखाली कीड मारण्यासाठी टाकलेले हेच औषध पाण्याने धुऊन काढण्याचा प्रयत्न झाला आणि त्या घरातली चार मुले दगावली. औषध पाण्याने धुतले की सुरक्षित होते, हा आपला नेहमीचा अनुभव. या औषधाच्या बाबतीत तो उलटा आहे.

माणसाच्या शरीरात

तीन ग्रॅमची एक गोळी पूर्ण फुटली की एक ग्रॅम फॉस्फीन तयार होतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा बंद खोलीत तो सगळा मिसळला, तर हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २५ भाग होतात. कामगारांनी आठ तास श्वासात घेण्याची जी मर्यादा अनेक वर्षे वापरली गेली, ती ०.३ भाग आहे. म्हणजे एका गोळीत मर्यादेच्या सुमारे ऐंशी पट. आणि घरात कोणी एकच गोळी टाकत नाही.

हा वायू आपल्या पेशींच्या श्वासोच्छ्वासावर घाव घालतो. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. सर्वांत आधी हृदय थकते, रक्तदाब कोसळतो, रक्तात आम्ल साठते. याला उतारा नाही. मॅलॅथिऑनच्या गटातल्या विषबाधेत आमच्या हातात अॅट्रोपिन तरी असते. फॉस्फीनमध्ये आम्ही फक्त रक्तदाब, श्वास आणि हृदयाचे ठोके सावरून धरतो आणि शरीर निभावून नेते का याची वाट पाहतो. लहान मुले भरभर श्वास घेतात, त्यामुळे त्यांच्या छोट्या शरीरात विष जास्त जाते.

सुरुवातीची लक्षणे फसवी असतात : डोकेदुखी, मळमळ, उलट्या, खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे, चक्कर. वास लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा येतो, पण तो यायलाच हवा असे नाही, आणि वास नाही म्हणजे धोका नाही असेही नाही. म्हणून एका घरातल्या, एकाच खोलीत झोपलेल्या अनेकांना एकदम त्रास झाला, तर स्वतःला आणि डॉक्टरला एक प्रश्न विचारा : घरात किंवा शेजारी धान्यात गोळ्या ठेवल्या आहेत का? भिंतीपलीकडच्या खोलीतूनही वायू येऊ शकतो.

असे झाले तर सगळ्यांनी ताबडतोब घराबाहेर मोकळ्या हवेत यावे. जाता जाता दारे-खिडक्या उघडता आल्या तर उघडाव्यात, पण कोठी पाहायला किंवा गोळ्या काढायला कोणीही परत आत जाऊ नये. गोळ्यांवर पाणी टाकू नये. १०८ ला फोन करावा आणि ‘धान्याच्या गोळ्या’ हे शब्द आधी सांगावेत. आता बरे वाटते म्हणून घरी थांबू नये, कारण काही तासांनी प्रकृती खालावू शकते.

जे औषधाने जातच नाही

समजा, किडे मेले. तरी ओल्या धान्याचा एक धोका उरतोच, आणि त्याला कोणतेही कीटकनाशक चालत नाही. तो म्हणजे बुरशी. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत अवेळी पावसात भिजलेला आणि बुरशी आलेला मका खाऊन लोक कावीळ आणि जलोदराने आजारी पडले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. कारण होते अफ्लाटॉक्सिन, बुरशीने तयार केलेले आणि यकृतावर घाला घालणारे विष. पुढे १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी व जुलाबाची साथ आली, तिच्यामागेही बुरशीचेच एक विष होते. धान्य दळले, भाजले, शिजवले तरी अफ्लाटॉक्सिन पूर्ण नष्ट होत नाही. ओल्या धान्याला गोळी लावून समाधान मानणारा माणूस, किडा दिसतो म्हणून त्याच्याशी लढतो आणि न दिसणाऱ्या शत्रूला घरात ठेवतो.

कायदा आहे, पण

ही गोळी कोणीही विकत घेऊन घरात टाकावी असे आपला कायदा म्हणत नाही. ती फक्त सरकारी यंत्रणांनी किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायची आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ पासून बंदी आहे. तरी माझ्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांनी ती गावात, साखर-चहाच्या दुकानातून सुटी आणलेली असते. कागदाच्या पुडीत, ना नाव, ना इशारा. ‘कोठीत टाका’ एवढीच सूचना.

घरोघरी ही पुडी असण्याची आणखी एक किंमत आहे, आणि ती आमच्या वॉर्डात दिसते. रागाच्या, निराशेच्या एका क्षणी हात जाईल अशा ठिकाणी ते विष असते. तो क्षण टळला असता तर यांतले कितीतरी जण आज घरी असते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली आणि १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. विष हाताशी नसणे हाही उपचारच आहे. (मन असह्य झाले असेल, किंवा घरातल्या कोणाची काळजी वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.)

पण नुसते ‘विक्री बंद करा’ म्हणून मी थांबणार नाही. शेतकऱ्याच्या घरात वर्षाचे धान्य असते. त्याला कीड लागली तर ते कुटुंब काय खाणार? गोळी काढून घ्यायची तर तिची गरज आधी कमी करावी लागेल. ती गरज ओलीतून येते. आणि ओल मोजायची सोय शेतकऱ्याच्या घरात नाही.

गंमत पाहा. ओलावा मोजायचे यंत्र गावात येते ते भाव पाडायच्या वेळी. सरकारी खरेदीत गव्हाला १२ टक्क्यांचा निकष, त्यावर १४ टक्क्यांपर्यंत कपात करून खरेदी. २०२४ च्या नोव्हेंबरात सोयाबीन खरेदीची मर्यादा १२ वरून १५ टक्के झाली, तेव्हा तर ओलावा हा शब्द राज्यभर प्रत्येकाच्या तोंडी होता. विकायच्या मालाची ओल दशांशापर्यंत मोजली जाते. खायच्या मालाची कोणीच मोजत नाही.

माझी सूचना साधी आहे. हे यंत्र प्रत्येक गावातल्या पिठाच्या गिरणीत ठेवा. गिरणीत प्रत्येक घरचे धान्य जाते आणि गिरणीवाल्याला ओले धान्य हाताला कळतेच. ‘वहिनी, हे अजून वाळवा’ हे त्याने सांगितलेले लोक ऐकतात. यंत्राचा खर्च ग्रामपंचायतीला झेपणारा आहे. जोडीला ताडपत्र्या आणि सामायिक खळे हवे, आणि अवकाळीच्या दिवसांत वापरता येईल असे धान्य वाळवण्याचे यंत्र किमान बाजार समितीत हवे. कृषी खाते म्हणते विषबाधा आरोग्य खात्याची, आरोग्य खाते म्हणते धान्य कृषी खात्याचे. त्या दोघांच्या मधल्या फटीतून तो वायू माजघरात येतो.

तोवर घरी काय करता येईल

पहिली परीक्षा दाताची. वाळलेला दाणा ‘कट्’ असा आवाज करून तुटतो, ओला दाणा दबतो. दुसरी परीक्षा मिठाची. कोरड्या, स्वच्छ काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालून चांगले हलवा आणि दहा-पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, ते धान्य भरू नका. नाही चिकटले तरी ते १२ टक्क्यांवर आले असेलच असे नाही, म्हणून आणखी एक-दोन उन्हे द्या.

वाळवताना धान्य जमिनीवर नको, ताडपत्रीवर पातळ पसरा आणि अधूनमधून परता. वैशाखातल्या उन्हात धान्य ५० अंशांच्या वर तापले की बरेच किडे मरतात किंवा पळून जातात. मात्र गरम धान्य लगेच कोठीत भरू नका. रात्री पत्रा गार पडतो आणि आतली वाफ झाकणाखाली पाणी होऊन पुन्हा दाण्यावर पडते. सावलीत थंड करून मगच भरा. कोठी भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर नको, खाली फळ्या घाला. पावसाळ्यात कोठी कोरड्या दिवशीच उघडा.

जुने उपाय सोडून देण्यासारखे नाहीत, पण तेही कोरड्या धान्यातच चालतात. कडधान्यात राख मिसळतात, ती किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेते आणि किडा सुकून मरतो. धान्य ओले असेल तर किड्याचे गेलेले पाणी भरून निघते आणि राख वाया जाते. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत वाळवून, नाहीतर पाल्याबरोबर आपणच ओल आत घालतो. तुरीला-मुगाला तेलाचा हात लावला तर भुंगेऱ्याची अंडी टिकत नाहीत. पेवातली ज्वारी टिकायची, तीही कोरडी भरून हवाबंद केलेली असायची म्हणून. आतला प्राणवायू संपला की किडेही संपायचे. आज मिळणाऱ्या हवाबंद पिशव्यांचे आणि मातीच्या भिंतीत प्लास्टिकचा थर देणाऱ्या ‘पुसा’ कोठीचे तत्त्व हेच. पण त्यांतही ओले धान्य भरले तर ते आंबते. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर मात्र खाण्याच्या धान्यात नकोत. दोन्ही विषारी आहेत, आणि धान्य निवडून-धुऊन ती पूर्ण जातात याची खात्री नसते.

वाळवणे हा रामबाण उपाय आहे असे मी म्हणणार नाही. खाप्रा नावाचा भुंगेरा अगदी कोरड्या धान्यातही वाढतो आणि त्याच्या अळ्या वर्षानुवर्षे फटींत दडून राहू शकतात. अशा वेळी, किंवा कीड हाताबाहेर गेली असेल तर, धान्य राहत्या घराबाहेर काढून जाणकार माणसाकडूनच त्याचा बंदोबस्त करून घ्यावा. पण बहुतेक घरांत तिथपर्यंत वेळ येऊ नये, एवढे काम ऊन करते.

ते वडील गेल्या वर्षी पुन्हा भेटले, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले होते. मी त्यांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सांगितले, उशिरा का होईना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे दोन दिवस ऊन दिलं असतं तर गोळी लागलीच नसती.” मी हो म्हणालो. याहून कठीण ‘हो’ मी क्वचितच म्हटले असेन.

आमच्या अपघात विभागात आता पावसाळ्यात उलटीचा रुग्ण आला की एक प्रश्न ठरलेला आहे : घरात धान्याला गोळ्या लावल्या आहेत का? तुमच्या घरात कोठी असेल, तर तो प्रश्न आज तुम्हीच विचारा. आणि गहू भरण्याआधी एक दाणा चावून पाहा.